खड्डा खणा, पण त्याच्याकडून होकार मागू नका

माझा धंदा जमिनीत भोकं पाडण्याचा. मी भू-तांत्रिक इंजिनिअर आहे. मुंबईत टॉवर उभा राहण्याआधी खाली काय दडलंय ते बघायला आम्हाला बोलावतात. वर भराव, त्याखाली खाडीचा काळा चिखल, मग मुरूम, मग सॉफ्ट रॉक आणि नशिबात असेल तिथं हार्ड रॉक. प्रत्येक थराची जाडी, घट्टपणा, ओल लॉगमध्ये उतरवायची. फेब्रुवारीत रजा काढून मी स्की घेऊन गुलमर्गला जाते आणि तिथंही खड्डेच खणते, यावर मुलुंडच्या घरी बरीच थट्टा होते. होऊ दे. बर्फही थराथरानंच साचतो, आणि माणसं मरतात ती बहुतेक वेळा दोन थरांमधल्या एका कमजोर जागेमुळे.

यंदा माझा भाचा आणि त्याचे डोंबिवलीचे मित्र गुलमर्गच्या गंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, वरच्या टप्प्यावरून बाहेरच्या उतारांवर जायचं म्हणताहेत. ‘मावशी, ॲव्हलांच येणार हे कळतं कसं?’ असा त्याचा दोन ओळींचा मेसेज आला. ॲव्हलांच म्हणजे हिमस्खलन; त्याचं उत्तर दोन ओळींत मावेना, म्हणून हे लिहिलं. सह्याद्रीत तयार झालेले आणि आता हिवाळी ट्रेक किंवा स्कीइंगकडे वळलेले मुंबईत बरेच आहेत, त्यांनाही चालेल. मात्र वाचून कोणी तयार होत नाही. गुलमर्गची सरकारी स्कीइंग संस्था, उत्तरकाशीची ‘निम’ (नेहरू गिर्यारोहण संस्था), मनालीची संस्था, पहलगामची संस्था, यांपैकी कुठला तरी कोर्स आधी करा.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकते. मातीत घेतलेला बोअरहोल वर्षानुवर्षं खरा राहतो. बर्फातला खड्डा फक्त त्या दिवसापुरता आणि उताराच्या त्या कोपऱ्यापुरता खरा असतो. त्यामुळे खड्डा ‘जाऊ नका’ एवढंच सांगू शकतो. ‘जा’ म्हणण्याचा अधिकार उताराच्या कोनाला, तोही वर-खाली काय आहे ते बघून.

सुटतं काय?

सैल, भुरभुरीत बर्फ एका बिंदूपासून सुटून खाली पसरत जातो, तो एक प्रकार. तो पायाखालून सुटून तुम्हाला कड्यावरून ढकलू शकतो, पण बहुतेक बळी जातात ते स्लॅब ॲव्हलांचमध्ये. त्याला तीन गोष्टी लागतात: वर एकसंध, ताठ थर (हाच स्लॅब), त्याखाली कमजोर थर, आणि त्याच्याही खाली घसरायला पृष्ठभाग. तुमच्या वजनानं कमजोर थर एका जागी चिरडला की चीर त्या थरातून आडवी धावत सुटते आणि अख्खा उतार एकदम मोकळा होतो. चीर तुमच्यापेक्षा फार वेगानं जाते, त्यामुळे ‘सुटला की बाजूला होईन’ हे डोक्यातून काढा. अपघातांचे अहवाल वाचले की एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते: उतार सुटतो तो बहुधा सापडलेल्या माणसामुळे किंवा त्याच्याच सोबत्यामुळे.

तिकीट निघालं की वही उघडा

गुलमर्गला उतरल्यावर डोळ्यांना दिसतो तो सगळ्यात वरचा थर. खालचे सगळे थर तुम्ही मुंबईत लोकलला लटकत असताना पडून गेलेले असतात. म्हणून मी नोव्हेंबरपासून वही ठेवते. किती बर्फ पडला, वारा कुठून आणि किती, आकाश किती रात्री निरभ्र होतं, पारा कुठवर उतरला. हवामान खात्याच्या श्रीनगर केंद्राचे आकडे रोज मिळतात. टंगमर्गचा आमचा गाइड अधूनमधून अफरवटचे, म्हणजे गुलमर्गच्या वरच्या डोंगराचे, फोटो पाठवतो. दिवसाला पाच मिनिटं पुरतात.

या वहीत शोधायचं काय? आधी थोडका बर्फ, मग लांबलेली कोरडी थंडी, आणि मग एकदम मोठी बर्फवृष्टी. हा क्रम दिसला की मी त्या मोसमाकडे संशयानंच बघते. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलां’, मग वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. चिल्लई कलां कोरडा गेला की पर्यटक बर्फ नाही म्हणून हळहळतात. मला काळजी वाटते ती आधीच पडलेल्या त्या थोडक्या बर्फाची.

गणित सोपं आहे. जमिनीलगत बर्फाचं तापमान शून्याच्या आसपास राहतं, पृष्ठभाग मात्र हवेबरोबर आणि निरभ्र रात्री हवेपेक्षाही खाली जातो. समजा बर्फ ६० सेंटिमीटर आहे आणि पृष्ठभाग उणे १२ अंश. म्हणजे दर १० सेंटिमीटरला २ अंशांचा फरक. हा फरक दर १० सेंटिमीटरला साधारण १ अंशाच्या वर गेला की खालची वाफ जोरात वर सरकते, कण कोनेदार, पैलूदार होतात आणि एकमेकांना धरेनासे होतात. जमिनीलगत जाड साखरेसारखा थर तयार होतो, मुठीत दाबला तरी त्याचा गोळा होत नाही. आता बर्फ दीड मीटर आणि पृष्ठभाग उणे ६ धरा. फरक दर १० सेंटिमीटरला फक्त ०.४ अंश. इथं कण गोलसर होतात, एकमेकांना चिकटतात, थर बळावतो. तेव्हा ‘यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे धोकाही कमी’ हा हिशेब उलटा आहे. लडाख-काराकोरमच्या बाजूला बर्फ पातळ आणि थंडी कडक, तिथं ही कमजोर तळी हिवाळाभर टिकते. पीर पंजालमध्ये, म्हणजे गुलमर्गच्या रांगेत, बर्फ भरपूर पडतो, त्यामुळे एरवी ती तळी दबून बळावते. पण एरवीच.

जानेवारी २०२४ आठवा. गुलमर्गच्या उघड्याबोडक्या मैदानांचे फोटो वर्तमानपत्रांत आले होते. महिनाअखेरीला बर्फ सुरू झाला, फेब्रुवारीत भरपूर पडला आणि २२ फेब्रुवारीला वरच्या भागातल्या ॲव्हलांचमध्ये एक रशियन स्कीअर गेला. त्याआधीच्या वर्षी १ फेब्रुवारीला अफरवटच्या हापतखुद भागात पोलंडचे दोघे गेले होते.

दुसरा कमजोर थर याहून फसवा असतो. निरभ्र, निवांत, दमट रात्री बर्फावर पिसांसारखे चमचमते स्फटिक उगवतात. सकाळी उन्हात फार सुंदर दिसतात, सगळे फोटो काढतात. त्यांच्यावर पुढचा बर्फ पडला की ते जसेच्या तसे गाडले जातात आणि कित्येक आठवडे तिथं उभे असतात. वहीत अशा रात्रींपुढे मी लाल खूण करते.

सरकारी अंदाजही वाचा. १९६९ साली मनालीला लष्करासाठी ‘सासे’ ही हिम-संशोधन संस्था सुरू झाली. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन होऊन चंडीगडची ‘डीजीआरई’ झाली. तिचं ॲव्हलांच बुलेटिन जिल्हावार येतं: अमुक जिल्ह्यात अमुक मीटरच्या वर अमुक पातळीचा धोका. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात मोडतं. जिल्हा केवढा आणि तुमचा उतार केवढा, हे ध्यानात ठेवून ते वाचायचं. जगभर वापरात असलेल्या पट्टीवर धोक्याच्या पाच पातळ्या असतात. परदेशी आकडेवारीत सर्वाधिक बळी पाचव्या पातळीला जात नाहीत. तेव्हा माणसं घरीच बसतात. ती मरतात तिसऱ्या पातळीला, ऊन पडलेलं असतं, बर्फ ताजा असतो आणि परतीचं विमान परवाचं असतं.

कोन मोजा, डोळ्यांवर जाऊ नका

स्लॅब सुटतात ते मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. त्यातही ३८ च्या आसपास सर्वाधिक. तिसाच्या खाली क्वचित. पन्नास-पंचावन्नच्या वर बर्फ साचतच नाही, थोडा थोडा ओघळून जातो. गोम अशी की स्कीअरला जो उतार मजेचा वाटतो तो नेमका पस्तिसाच्या आसपासचा असतो.

मोबाईलमधला क्लिनोमीटर वापरा. काठी उतारावर झोपवा, मोबाईलची लांब कड तिच्यावर टेकवा, आकडा वाचा. याचा सराव सह्याद्रीत फुकट होतो. पुढच्या ट्रेकला एखाद्या नाळेत किंवा धारेवर आधी अंदाज सांगा, मग मोजा. माझ्या ओळखीतले नवखे तिसाच्या उताराला पंचेचाळीस म्हणतात. जुने खोड मात्र पस्तिसाला ‘असेल अठ्ठावीस’ म्हणून मोकळे होतात. मला दुसऱ्यांची जास्त भीती वाटते.

नकाशावरूनही काढता येतो. १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा ४० मीटरच्या असतील तर ३० अंशांच्या उताराला दोन रेषांमधलं अंतर साधारण १.४ मिलिमीटर येतं, ३५ अंशांना १.१. १.४ मिलिमीटरहून जवळ रेषा दिसल्या की पेन्सिलीनं रेघोट्या मारून तो भाग वेगळा करा. ॲपमधली रंगीत उतारपट्टी सोयीची असते, पण हिमालयासाठी फुकट मिळणारी उंचीची माहिती साधारण ३० मीटरच्या चौकटींची असते. पंधरा मीटर उंचीचा एखादा फुगवटा त्यात सपाट होऊन जातो, आणि माणसाला गाडायला पंधरा मीटरचा उतार पुरतो.

एवढ्यावर थांबू नका. तुम्ही वीस अंशांवर चालताय, पण डोक्यावर काय आहे? लांबून, कमी उताराच्या जागेवरूनही वरचा स्लॅब सुटवता येतो. वरच्या सुटण्याच्या जागेकडे काठी रोखा आणि कोन मोजा. २५ अंशांपेक्षा जास्त आला तर ॲव्हलांच पोहोचेल अशा टप्प्यात तुम्ही आहात असं समजा. मोठे ॲव्हलांच १८-२० अंशांपर्यंतही येतात. देवदार आणि फरच्या जंगलात मधेच उभी मोकळी पट्टी दिसली, किंवा झाडांच्या फक्त चढाकडच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या दिसल्या, तर तिथून काहीतरी नियमित जातं. खालच्या बाजूला वाकून वाढलेली भूर्जाची झाडंही तेच सांगतात.

आणि सुटलाच, तर खाली काय आहे? पावसाळ्यात आपण नाळ टाळतो ती दगडांमुळे. बर्फात नाळेचा तळ, ओढ्याचं पात्र, रस्त्याची चर या जागा छोट्याशा ॲव्हलांचलाही खोल करून टाकतात, कारण सगळा बर्फ तिथंच जमा होतो. खाली कडा किंवा झाडी असेल तर गाडलं जाण्याआधीच माणूस आपटून जातो. अशा जागेच्या वर मी माझे सगळे नियम एक पायरी कडक करते.

वाऱ्याबद्दल एवढंच: तो आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या कितीतरी पट वेगानं आडोशाच्या बाजूला बर्फ आणून टाकतो, आणि तोही फुटलेल्या कणांचा, घट्ट बसणारा, म्हणजे आयता स्लॅब. हिवाळ्यातले वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणाली) आले की वरचा वारा बहुधा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून असतो, तेव्हा पूर्व-ईशान्येच्या उतारांवर भार वाढतो. धारेवर बर्फाचे छज्जे कुठल्या बाजूला लोंबताहेत ते पाहा. ज्या बाजूला लोंबतात ती भरलेली बाजू. आकाश निरभ्र असूनही धारेवरून बर्फाची धूळ उडताना दिसली तर भराई चालू आहे.

चालता चालता

खड्ड्याआधी डोंगर फुकटात बरंच सांगतो. ताजे सुटलेले उतार दिसले, तर त्याच दिशेचे, त्याच उंचीचे बाकीचे उतार रद्द. पायाखाली ‘हुंफ्’ असा घुसमटलेला आवाज आला आणि बर्फ किंचित खचला, तर कमजोर थर नुकताच कोसळला. सपाटीवर होतात म्हणून वाचलात. स्कीच्या टोकापासून चीर पळाली, तर त्याच पावली मागे. चोवीस तासांत तीस सेंटिमीटरच्या आसपास नवा बर्फ, जोडीला वारा असेल तर त्याहूनही कमी. एकदम वाढलेलं तापमान. पावसाचे थेंब. यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी तिसाच्या वर जायचं नाही. इथं माझ्याकडे चर्चा नसते. खड्डाही खणत नाही, उत्तर मिळालेलं असतं.

जाता जाता छोटे उतार तपासत राहा. वाटेकडेचा दोन-तीन मीटरचा, खाली सपाट असलेला बांध निवडा, त्याच्या वरच्या कडेवर उडी मारा, काय होतं ते बघा. काठी दर काही पावलांनी खुपसा. वर घट्ट आणि खाली अचानक पोकळ लागली तर थांबून विचार करायचा.

आता खड्डा

जागा निवडणं हे अर्धं काम. ज्या उतारावर जायचं त्याच दिशेचा, त्याच उंचीचा, जवळपास त्याच कोनाचा, पण सुटला तरी काही बिघडणार नाही असा छोटा उतार हवा. झाडांपासून, जुन्या ट्रॅकपासून दूर. आधी प्रोबनं, म्हणजे बर्फात खुपसायच्या लांब घडीच्या सळईनं, खोली चाचपा, म्हणजे दगडावर किंवा झुडपावर खणणार नाही. साइटवरही आम्ही रस्त्याच्या भरावात बोअर घेऊन तो प्लॉटचा म्हणून दाखवत नाही. निदान दाखवू नये.

सव्वा ते दीड मीटर खोल आणि दोन हात पसरता येतील एवढा रुंद खणा. वरच्या बाजूची भिंत सावलीत असू दे आणि फावड्यानं सरळ तासून घ्या. त्या भिंतीवरून हातमोजा किंवा मऊ ब्रश आडवा फिरवा. सैल थर आत जातात, घट्ट थर बाहेर राहतात, डोळ्यांना पट्टे दिसतात. मग वरून खाली घट्टपणा तपासा: बंद मूठ सहज जाते का, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, की फक्त सुरी. आकड्यापेक्षा उडी महत्त्वाची. पेन्सिलीच्या घट्टपणाचा थर आणि त्याच्या खाली मूठ सहज जाईल इतका मऊ, ही जागा लिहून ठेवा. तिथले कण काळ्या कार्डावर घेऊन भिंगातून पाहा. पैलू, कोन चमकले तर वहीतली लाल खूण आठवा.

यानंतर चाचणी. सर्वांत उपयोगी मला विस्तारित स्तंभ चाचणी वाटते, ईसीटी म्हणतात तिला. उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि वरच्या दिशेला ३० सेंटिमीटर खोल असा बर्फाचा ठोकळा बाजूंनी आणि मागून मोकळा करायचा. मागचा काप दोरीला गाठी मारून करवतीसारखा ओढला तर छान येतो. ठोकळ्याच्या एका टोकावर फावड्याचं पातं उताणं ठेवायचं आणि ठोके द्यायचे: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. जोर लावायचा नाही, हाताचं वजन पडू द्यायचं. चीर पडण्यापेक्षा ती धावते का, हे बघायचं. एखाद्या ठोक्याला चीर सुरू झाली आणि त्याच किंवा पुढच्याच ठोक्याला ९० सेंटिमीटर पार करून गेली, तर त्या थरात चीर पसरण्याची ताकद आहे. तो उतार आणि त्याचे सगळे भाऊबंद त्या दिवसापुरते रद्द, ठोका पाचवा असो की पंचविसावा. चीर फावड्याखालीच थांबली, तर या जागी या थरानं आज दगा दिला नाही, एवढाच अर्थ.

३० बाय ३० सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर असेच तीस ठोके देण्याची जुनी चाचणीही आहे. ती कमजोर थर शोधून देते, पण चीर धावेल का ते नीट सांगत नाही. तिचा कल पाहून मग मोठी करते. थर मीटरभरापेक्षा खोल असेल तर ठोक्यांचा जोर तिथं पोहोचत नाही. तेव्हा करवतीची चाचणी. ३० सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या दिशेनं किमान एक मीटर लांब ठोकळा घ्यायचा, कमजोर थरातच खालच्या टोकाकडून वर करवत चालवायची. अर्ध्या लांबीच्या आत चीर स्वतःहून सुटून वरच्या टोकापर्यंत गेली तर वाईट.

खड्डा बुजवा, पुढे चला. सराव असेल तर हे सगळं वीस-पंचवीस मिनिटांत होतं. तासभर लागत असेल तर घाम गारठून तुम्हीच आजारी पडाल.

इथं माझ्या धंद्यातला एक हट्ट सांगते. वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या खाडीकाठच्या भागात दोन बोअरहोलांत वीस मीटरचं अंतर असलं तरी खडकाची पातळी मीटरांनी बदलू शकते. एका बोअरवरून पाया ठरवणाऱ्याला आम्ही दारात उभं करत नाही. बर्फात तर वारा दर दहा पावलांवर थराची जाडी बदलतो. पातळ जागी, खडकाच्या आसपास, फुगवट्यावर कमजोर थर पायाच्या जास्त जवळ असतो आणि उतार बहुधा तिथूनच सुटतो. तुम्ही खणलेल्या छान जाड जागी ठोकळा हलला नाही, म्हणून पलीकडच्या फुगवट्याची हमी कोण देणार? लोकांना चांगला निकाल आला की सूट मिळाल्यासारखं वाटतं. माझ्या वहीत चांगल्या निकालापुढे मी काहीच लिहीत नाही, ठरलेला बेत तसाच राहतो. वाईट निकालानं मात्र बेत बदलतो.

मे-जूनची मंडळी

हिमालयातल्या रुपिन पासच्या शेवटच्या नाळेत चढणाऱ्यांना वरचं फारसं लागू नाही. तिथं प्रश्न ओल्या बर्फाचा. रात्री आकाश निरभ्र होतं का आणि बर्फ पक्का गोठला का, एवढंच पहाटे तंबूबाहेर पाऊल टाकून बघायचं. ढगाळ रात्री थंडी वाटली तरी बर्फ गोठत नाही. पहाटे निघा, उन्हाची पहिली तिरीप नाळेवर पडण्याआधी वर पोहोचा. बूट घोट्यापर्यंत बुडायला लागले, बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, की उशीर झालाय. पावसाळा संपल्यावरही गाफील राहू नका. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर ‘निम’च्या तुकडीवर ॲव्हलांच आलं आणि २९ जण गेले. त्यांत शिकवणारेही होते.

ग्रुपमध्ये

बेत आदल्या रात्री ठरवा, गरम खोलीत, नकाशा समोर ठेवून. तीन उतार लिहा: एक हवाहवासा, एक त्याहून सौम्य, एक पंचवीस अंशांच्या आतला. सकाळी वर जाऊन उतरंडीनं खाली यायला परवानगी आहे, चढायला नाही. म्हणजे डोंगरावर ‘आज मस्त दिसतंय’ म्हणून सौम्य बेत सोडून मोठा उतार घ्यायचा नाही.

मुंबईकराचा मोठा शत्रू रजा आहे. ऑगस्टमध्ये मंजूर करून घेतलेले सहा दिवस, त्यातले दोन बर्फवृष्टीत हॉटेलात गेलेले, तिसऱ्या दिवशी कडक ऊन. हा तिसरा दिवस सगळ्यात वाईट, कारण नवा बर्फ अजून बसलेला नसतो आणि माणसं उतावीळ असतात. साध्या ताज्या बर्फाची अस्थिरता बहुधा एक ते तीन दिवसांत ओसरते. गाडलेल्या पैलूदार थराची आठवडे ओसरत नाही. तेव्हा तिकीट काढतानाच दोन दिवस जास्तीचे ठेवा, आणि तिसऱ्या दिवसासाठी जंगलातले सौम्य उतार आधीच हेरून ठेवा. आमच्या गाइडनं नाही म्हटलं की मी कारण संध्याकाळी नून चहाबरोबर विचारते, उतारावर नाही. ग्रुपमधल्या सगळ्यात नवख्या मुलीलाही हाच हक्क हवा: तिनं नको म्हटलं की नको.

तिसाच्या वर जायचंच ठरलं तर उतारावर एका वेळी एकच माणूस. बाकीचे बाजूच्या धारेवर, सुरक्षित जागी, त्याच्यावर नजर ठेवून. थांबायचं ते कधीही उताराच्या मध्यात किंवा तळाशी नाही. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढलेले.

बीकनचा सराव अक्सा बीचवर

बीकन (गाडलेल्याला शोधता यावं म्हणून अंगावर बांधायचं सिग्नल देणारं-घेणारं यंत्र), प्रोब आणि धातूचं फावडं ही तिन्ही प्रत्येकाच्या अंगावर हवीत. दोघांत एक चालत नाही, कारण गाडला जाणारा कोण ते आधी ठरलेलं नसतं. पूर्ण गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर जगण्याची शक्यता चांगली असते. पस्तीस मिनिटांपर्यंत ती साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. बचावपथक गुलमर्गहून निघेपर्यंत ही वेळ संपलेली असते. सियाचीनमध्ये २०१६ साली लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले होते, तेही पुढे दिल्लीच्या रुग्णालयात गेले. असले अपवाद धरून बेत आखू नका.

सराव मुंबईत होतो. भाड्यानं बीकन घेतलेत तर निघण्याच्या आठवडाभर आधी घ्या आणि रविवारी पहाटे अक्सा किंवा गोराईला जा. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू निवडा, खारट ओली वाळू सिग्नल खाते. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात. रेल्वेच्या विजेच्या तारा, सबस्टेशन, मेट्रो यांच्या जवळ ते वेडेवाकडे आकडे दाखवतात, त्यामुळे सोसायटीच्या आवारातला सराव फसवा निघतो. बीकन डब्यात घालून एकानं पुरायचा, दुसऱ्यानं शोधायचा. आकडा सगळ्यात लहान येईल तिथं जमिनीलगत उभी-आडवी फुली काढा, मग प्रोब उताराला काटकोनात, पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर, आतून बाहेर वर्तुळात. लागला की प्रोब तसाच ठेवायचा, उपटायचा नाही.

खरा वेळ जातो तो खणण्यात. गाडलेल्याच्या थेट डोक्यावर उभं राहून खणू नका. प्रोबवर जितकी खोली दिसते त्याच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जा आणि तिथून आडवं आत शिरा. एक पुढे फोडतो, मागचे दोघे वल्ही मारल्यासारखी फावडी चालवत माल मागे ढकलतात, दर मिनिटाला पुढचा बदलायचा. वाळूत मीटरभर असं खणून बघा. ॲव्हलांचचा बर्फ थांबला की याहून घट्ट बसतो.

मोबाईल बीकनपासून निदान २० सेंटिमीटर लांब ठेवा, शोधताना ५० सेंटिमीटर. बीकनमध्ये कंपनीनं सांगितल्याच बॅटऱ्या घाला, बहुतेक मॉडेलांना साध्या अल्कलाइन लागतात, रिचार्जेबल चालत नाहीत. भाच्या, तुझ्या कॅमेऱ्याच्या चार्जरमधल्या घालू नकोस.